वाजणारी उशी

कॉलेजात मुली मला मावशी म्हणतात. मावशीला सगळं कळतं असा त्यांचा समज आहे, आणि तो मोडायची मला घाई नाही. खरं म्हणजे माझं शिक्षण अर्धी आठवी. सहामाहीला गणिताचा पेपर दिला आणि घरी धाकट्या भावंडांना सांभाळायला थांबले, ती थांबलेच. माझं गाव समुद्राकाठचं. नवऱ्याला जालन्याला सळईच्या कारखान्यात क्रेनवर काम लागलं, तेव्हा आईनं फोनवर पहिलं काय विचारलं? "थंय मासे गावतत काय?" मी म्हटलं, गावतत, पण बर्फातले. आई त्या दिवशी रडली. माझ्यासाठी की माशांसाठी, ते मी विचारलं नाही.

आम्ही बदनापूरला राहतो. मी रोज रेल्वेनं जालन्याला येते आणि कॉलेजच्या लेडीज रूमवर बसते. झाडणं, पाणी भरणं, मुलींच्या पिशव्या राखणं, कुणाला चक्कर आली तर साखरपाणी. ही नोकरी मला समाजशास्त्राच्या मॅडममुळं मिळाली. मी विचारायला आले तेव्हा माझी मुलगी दीड वर्षाची होती आणि कडेवर होती. ऑफिसातले हेडक्लार्क म्हणाले, "लेकरू घेऊन नोकरी न्हाई होत, बाई." मॅडम शेजारीच कुठलासा कागद शोधत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "का बरं? लेकरू काय खुर्ची खाणार आहे तुमची?" तेव्हापासून मॅडमनी सांगितलं तर मी विहिरीतसुद्धा उडी मारेन. फक्त आधी पाणी किती आहे ते तीनदा विचारेन. माझा स्वभावच तसा घाबरा आहे. कुलूप लावलं तरी परत येऊन ओढून बघणारी मी.

तर मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी रोज दुपारी माझ्याकडे येऊन मोसंबी सोलायची. माहेर तीर्थपुरीचं, सासर वाटूरचं. लग्न होऊन वर्ष झालेलं, नवरा बियाण्याच्या कंपनीत गाडीवर. आधी एक मोसंबी, मग दोन, मग तीन. आमच्याकडे मुली दुपारी समोसा खातात. मोसंब्यांवर तुटून पडलेली मुलगी मला लगेच कळते. चौथ्या दिवशी मी नुसतं विचारलं, "कितवा?"

तिनं साल हातातच धरलं. "मावशी, तुम्ही कुणाला सांगू नका."

"मी कशाला सांगू? सगळ्या वर्गाला आधीच माहितीय. तुझ्या बाकाखाली बिया पडतात."

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. तिसरा महिना होता. शेवटच्या सत्राचे पेपर एप्रिलात, म्हणजे तेव्हा आठवा लागणार. आमच्या परीक्षा दुसऱ्या मजल्यावर होतात आणि तिला डॉक्टरनी जिने चढायला मना केलेलं. नवरा म्हणत होता, एक साल थांब, काय होतंय. सासूही तेच म्हणत होती. पण तिच्या थोरल्या जावेनंही एकच साल थांबते म्हटलं होतं, आणि त्या एका सालाला आता तीन लेकरं झाली होती. "थांबले तर मी संपले," ती म्हणाली. "म्हणून गोळ्यांचं विचारून राह्यले एका मैत्रिणीला. नको असं न्हाई मावशी. आत्ता नको."

मी तिला साखरपाणी दिलं, अर्धं मीच प्यायले, आणि तिला घेऊन मॅडमकडे गेले.

मॅडमनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "मला एकच सांग. तुला बाळ नकोय, की आमचा जिना नकोय?"

मुलगी खालच्या आवाजात म्हणाली, "जिना."

"बिलकुल नक्की?"

"नक्की."

"मग जिन्याचं बघू. डॉक्टरकडे जायचं असेल तर मी सोबत येईन, तुला कुणी अडवणार नाही, कुणी ओरडणार नाही. पण तुझ्या पोटात जे आहे ते कुणीतरी आहे असं मी मानते. आणि तूही कुणीतरी आहेस. दोघांतल्या एकाला गेटबाहेर उभं करा म्हणजे दुसरीला पदवी देतो, असं आमचं कॉलेज म्हणत असेल, तर चूक कॉलेजची आहे. तुझी नाही."

असं बोलणं मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. बायकांच्या हक्काची भाषणं मी आठ मार्चला पाणी वाटता वाटता पुष्कळ ऐकली आहेत. त्यात बाईनं काय काय सोडावं, काय काय तोडावं हे असतं. बाई पोटासकट आत आली पाहिजे आणि जागा तिला झाली पाहिजे, असं मॅडमच म्हणायच्या. ही इमारत, हे वेळापत्रक, सगळं बिनपोटाच्या माणसाचं माप घेऊन केलंय, असं त्यांचं म्हणणं. त्यावर स्टाफरूममधले सर त्यांना हसायचे. "मॅडम, प्रसूतिगृहाची पाटी कधी लावताय?" मॅडम म्हणायच्या, "तुमचा जन्म कुठं झाला, सर? ग्रंथालयात?"

खरी लढाई हेडक्लार्कशी झाली. तळमजल्यावर वेगळी खोली, तीही एका मुलीसाठी? "नियमात बसत न्हाई, मॅडम." मॅडमनी अर्ज दिला, डॉक्टरचा दाखला जोडला, प्राचार्यांची सही आणली, विद्यापीठाला पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही म्हणून परत पाठवलं. सासूलाही त्यांनी कॉलेजात बोलावलं आणि चहा पाजला. सासू म्हणाली, "बाई, आमच्या धाकट्याचं पहिलंच लेकरू येऊन राह्यलं, त्याला काही झालं तर?" मॅडम म्हणाल्या, "म्हणून तर खाली बसवतोय. तुम्ही रोज सोबत या, झाडाखाली बसा." सासू कशी तयार झाली कोण जाणे. चहा मीच केला होता, एवढंच मी सांगू शकते.

हजेरी भरली, सत्र संपलं, एप्रिल आला. तळमजल्यावर खेळाच्या सामानाची खोली रिकामी करून दिली होती. मी ती दोनदा धुतली. तरी क्रिकेटच्या पॅडचा वास जात नव्हता. आत एक टेबल, एक लोखंडी खुर्ची. पहिल्या दोन पेपरांना मुलगी सारखी कमरेवर हात ठेवून बसली. खुर्चीची पाठ मोडकी, मागं नुसती पोकळी. तिसऱ्या पेपराच्या आदल्या दिवशी मी ठरवलं, हिला पाठीला उशी शिवून द्यायची.

आता ऐका माझी अक्कल. कापूस या भागात ढिगानं मिळतो. पण मला वाटलं, एवढ्या उन्हात कापसाची उशी म्हणजे पाठीला शेगडी. आणि माझ्याकडे एक पोतं होतं. मुली लेडीज रूममध्ये कागद टाकून जातात. लिहिलेला कागद केरात टाकायला माझा हात होत नाही. शाळा सुटलेल्या माणसाला कागदाचं जरा जास्तच वाटतं. म्हणून मी ते सगळे पोत्यात भरून ठेवत होते. त्या रात्री मी त्यातले चोळामोळा करून जुन्या पडद्याच्या पिशवीत भरले आणि शिवून टाकले. भीती अशी की मध्येच उसवली तर? म्हणून एकावर एक तीन टाके घातले, गोधडीच्या दोऱ्यानं.

सकाळी मुलगी उशीला टेकली आणि म्हणाली, "मावशी, लई बरं वाटलं." माझा ऊर भरून आला.

पाऊण तासानं भरारी पथक आलं.

एकटी मुलगी, वेगळी खोली, म्हटल्यावर पथक आधी तिथंच शिरलं. पुढं दुसऱ्या कॉलेजच्या एक बाई, मागं दोघं सर. मी पाण्याचा जग घेऊन दारात. बाईंनी टेबल बघितलं, कंपास बघितला, हॉलतिकीट बघितलं. सगळं बराबर. त्या निघाल्याच होत्या, तेवढ्यात मुलगी जरा मागं रेलली. खर्र.

बाई थांबल्या. "ही उशी वाजून कशी राह्यली?"

मला त्या क्षणी कळलं मी काय केलं ते. हातातल्या जगमधलं पाणी पायावर सांडलं. परीक्षेच्या खोलीत, परीक्षा देणाऱ्या मुलीच्या पाठीशी, मी पोतंभर लिहिलेले कागद शिवून ठेवले होते. अर्धी आठवी शिकलेल्या बाईशिवाय हे कुणाला सुचलं असतं?

पर्यवेक्षक सरांनी कात्री आणली. टाके तुटेनात. ब्लेड आणलं. एका सरांचं बोट कापलं. शेवटी उशी उघडली आणि टेबलावर कागद पसरले. बेडकाची आकृती. मेंदीची नक्षी. गाड्यांच्या वेळा. "माझ्याशी बोलायचं नसेल तर स्पष्ट सांग" असं अर्धं पत्र. आणि मग राज्यशास्त्राचं एक पान, प्रश्नाच्या नंबरासकट. त्या दिवशी पेपर राज्यशास्त्राचाच होता.

मुलीचं तोंड पांढरं पडलं. एक सर म्हणाले, "फॉर्म भरा. केस करा." म्हणजे हा पेपर गेला, कदाचित सगळी परीक्षाच गेली. मोसंबी, जिना, अर्ज, दाखले, सगळं माझ्या उशीत गेलं.

"तिला काही माहीत न्हाई," मी ओरडले. मला वाटतं मी इथं आल्यापासून पहिल्यांदाच ओरडले. "मी भरली. मीच शिवली. मी आठवी नापास हाय, मला कुठलं पान कुठल्या विषयाचं ते कळत न्हाई. मला न्या."

"कुठं न्यायचं तुम्हाला?" बाई म्हणाल्या. त्यांनी ते पान मुलीच्या उत्तरपत्रिकेशेजारी धरलं. अक्षर वेगळं. विषय तोच, पण पहिल्या वर्षाचा. मग त्यांनी उशीचं कापड उचललं, शिवण निरखली आणि त्या सरांना म्हणाल्या, "सर, ही शिवण उसवायला आपल्याला तिघांना किती वेळ लागला? रक्त निघालं तुमचं. ही पोरगी बसल्या बसल्या ह्यातून चिठ्ठी काढणार होती?"

सर बोट चोखत होते.

"कितवा?" बाईंनी मुलीला विचारलं.

"आठवा लागला."

"मंग लिही जल्दी. वेळ गेला तुझा." पर्यवेक्षकांना त्यांनी गेलेली वीस मिनिटं शेवटी वाढवून द्यायला सांगितलं आणि तसं नोंदवहीत लिहिलं. खाली अजून एक ओळ लिहिली: उशी एक, जप्त. मग ड्रायव्हरला सांगून आपल्या जीपमधली उशी मागवली. ती खुर्चीला लावायच्या आधी स्वतः चारही बाजूंनी चाचपली. जाताना मला म्हणाल्या, "बाई, तुमचं शिवणकाम चांगलं हाय. भरणकाम नका करू."

मॅडमना हे कळलं तेव्हा त्या पाच मिनिटं हसल्या. नंतर चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मावशी, विद्यापीठाकडून उत्तर आणायला मला दोन महिने लागले. तुम्ही पाऊण तासात पथकच आणलंत."

सगळ्याच मुली अशा टिकत नाहीत. त्याच वर्षी दुसरी एक मुलगी दिवाळीनंतर दिसेनाशी झाली. तिलाही दिवस गेले होते, ते आम्हाला फार उशिरा कळलं. मॅडम अजून तिचं नाव हजेरीतून काढू देत नाहीत. मलाही वाटतं, तिनं दुपारी येऊन माझ्यासमोर काही तरी सोलायला हवं होतं.

वाटूरच्या मुलीनं सगळे पेपर दिले. शेवटच्या पेपरानंतर तीन आठवड्यांनी तिला मुलगी झाली. निकाल लागला, सेकंड क्लास. मॅडम मला म्हणतात, फर्स्ट क्लास तुमच्यामुळं गेला. मला तीन दिवस झोप लागली नाही, मग कळलं की त्या चेष्टा करतात.

परवा ती एम.ए.च्या पहिल्या परीक्षेचा फॉर्म भरायला आली. रांगेत तिच्या मागं सासू, सासूच्या खांद्यावर नात. हेडक्लार्क कागद उलटसुलट करत बसले होते. नात तोंड वाकडं करायला लागली, तशी सासू पुढं झाली आणि खिडकीच्या गजावर चापट मारून म्हणाली, "ओ साहेब, जल्दी शिक्का मारा की! पोरीला भूक लागलीय आणि तिच्या आईला तास हाय."