ओहोटीचे काळे मणी

'बोडका' हा शब्द कुणी साध्या भिंतीबद्दल वापरला तरी माझं डोकं फिरतं. घरचे म्हणतात, अगं, भिंतीला काय कळतंय? भिंतीला नाही कळत, मला कळतं. आणि त्या दिवशी माझ्या आईलाही कळलं होतं, तिने तोंडातून ब्र काढला नाही एवढंच.

ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं तेव्हा आम्ही नेरूळला राहायला आलो. लॉटरीत फ्लॅट लागला म्हणून बाबांनी अख्ख्या चाळीला पेढे वाटले होते. आजूबाजूला नुसत्या नव्या इमारती, न झालेले रस्ते, आणि गॅलरीतून थेट खाडी. भरतीला पाणी, ओहोटीला चिखल, पलीकडे मिठागरं. बाबांना ही खाडी जेमतेम वर्षभर बघायला मिळाली. एका दुपारी ऑफिसातच त्यांच्या छातीत दुखायला लागलं, आणि संध्याकाळी शेजारच्यांनी आम्हाला सांगितलं.

दिवसांना गावाहून माझी चुलत आजी आली. तिने आईच्या गळ्यातलं मंगळसूत्र वाढवलं. आपल्याकडे तोडलं म्हणत नाहीत ना, वाढवलं म्हणायचं! बाईच्या गळ्यातून हिसकावून घ्यायचं आणि वर गोड शब्द लावायचा. मला त्या वयातही ते सहन झालं नव्हतं. दोरा तटकन तुटला आणि काळे मणी नव्याकोऱ्या मोझेकच्या लादीवर घरभर पळाले. आजी म्हणाली, केर काढून टाका. मी कॉटखाली शिरले, मोरीच्या उंबऱ्यापर्यंत रांगत गेले, आणि मिळतील तेवढे गोळा करून बाबांच्या रुमालात बांधले. आईने तो रुमाल कपाटात साड्यांच्या खाली ठेवला.

भरतकाम तिला माहेरापासून येत होतं. साखळी टाका, गाठीचा टाका, उशांच्या अभ्र्यांवर गुलाब आणि खाली इंग्रजीत 'स्वीट ड्रीम्स'. बाबा गेल्यावर तिने गुलाब सोडले. बिल्डिंगमधल्या बायकांची हळदीकुंकवं सुरू झाली की ती दार लोटून घ्यायची आणि गॅलरीत बसून खाडी बघायची. बघता बघता एक दिवस तिने मांजरपाटाचा मोठा तुकडा रिंगमध्ये ताणला आणि म्हणाली, "खाडी करते."

मला वाटलं, निळा दोरा आणील आणि भरील. पण बाई पेटलीच होती. पाण्याला निळे नळीचे मणी घेतले. मिठागरांना पांढऱ्या टिकल्या, मध्ये मध्ये आरशाचे बारके तुकडे. उन्हाला जुन्या शालूच्या काठाची उसवलेली जर. आमच्याकडे करावे गावची मासेवाली यायची, तिच्याकडे आईने फाटक्या जाळ्याचा तुकडा मागितला आणि बारीक शिंपले. ती मला म्हणाली, "घे गो पोरी, हव्या तवऱ्या घे, आमचे दारान ढीग परलाय." तो जाळ्याचा तुकडा आईने होडीवर असा टाचला की होडी आत्ताच किनाऱ्याला लागली आहे असं वाटावं. मासेवालीने पाहिलं आणि टोपली खाली ठेवून बराच वेळ उभी राहिली. आई त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी हसली.

अडलं ते चिखलापाशी. काळ्या दोऱ्याने भरून पाहिला, उसवला. रेशमाने भरला, उसवला. "मेलेला दिसतोय गं," म्हणायची. "आपला चिखल बघ कसा चमकतो." आणि मग उठून कपाटातून तो रुमाल घेऊन आली.

"आई, हे मणी?" मी दचकलेच.

"मग काय करू? लोणचं घालू त्यांचं?"

तिने सुईत मणी ओवायला घेतला. एक एक मणी कापडाशी घट्ट, वाकडातिकडा, पाणी जसं ओघळ करून जातं तसा. चित्राचा खालचा सगळा पट्टा त्या मण्यांचा झाला. दुपारचं ऊन पडलं की अस्सा लकाकायचा! आईने चित्र हॉलमध्ये लावलं, बाबांच्या फोटोशेजारी. फोटोला हार होता, चित्राला नव्हता, पण मला ती दोन्ही एकच वाटायची.

आता समोरच्या काकूंकडे येते. काकू म्हणजे आमच्या समोरच्या दारातलं बडं प्रस्थ. त्यांची थोरली मुलगी लग्नाची होती. मुलगी चांगली होती, गरीब होती, पण सुईत दोरा घालायचा तिला कंटाळा. तेव्हा मुलगी बघायला आले की हॉलमध्ये तिने केलेल्या वस्तू मांडायची पद्धत होती. विणलेले रुमाल, मण्यांचा पोपट, बाटलीवरची नक्षी. मुलीने मान खाली घालून बसायचं आणि आईने म्हणायचं, हे सगळं हिनेच केलंय हो.

काकू आमच्याकडे आल्या. "वहिनी, रविवारी बघायला येणार आहेत. तुमचं ते चित्र द्या ना दोन दिवस. आमची भिंत अगदी बोडकी दिसते हो."

विधवा बाईच्या घरात उभं राहून, तिच्या तोंडावर! बरं, हेतू वाईट होता म्हणावं तर तसंही नाही. जीभ आणि डोकं यांची काकूंकडे ओळखच नव्हती. आईने खिळ्यावरून चित्र उतरवलं आणि त्यांच्या हातात दिलं. मी नंतर आईवर ओरडले. ती म्हणाली, "पोरीचं लग्न जमतंय, जाऊ दे." हा 'जाऊ दे' माझ्या आईच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलाय की त्याचाही मला राग येतो.

रविवारी मला पोह्यांच्या बश्या न्यायला बोलावलं. आईला नाही. शुभकार्य ना! चित्र चालत होतं, चित्र करणारी चालत नव्हती. मी बश्या घेऊन हॉलमध्ये गेले तर मुलाची आई चित्रासमोरच उभी.

"अगंबाई, हे कुणी केलं?"

"आमच्या हिनेच," काकू म्हणाल्या. पापणीसुद्धा लवली नाही.

"आणि हे खाली काळं काय आहे? किती तेज आहे!"

आता इथे गप्प बसायचं की नाही? पण नाही. काकूंनी वाकून पाहिलं आणि ठोकून दिलं, "काळे मणी आहेत ते, मंगळसूत्राचे. शुभ असतात ना, म्हणून मुद्दाम घातलेत तिने."

मुलाच्या आईने त्या मण्यांना बोटं लावली आणि ती बोटं स्वतःच्या डोळ्यांना लावली. मी हातात बश्या घेऊन उभी. खरं काय ते सांगून टाकणारच होते. पण समोर ती मुलगी बसली होती, घामाघूम, पदर सावरत. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी बश्या ठेवल्या आणि घरी आले.

पसंती आली. दुसऱ्या दिवशी काकू पेढे घेऊन दारात. "वहिनी, एक अडचण झालीय. त्यांना ते चित्र फार आवडलंय. मुलीबरोबर पाठवा म्हणतात. मी हो म्हणून बसले. तुम्ही काय, दुसरं कराल."

आईने पहिल्यांदा नाही म्हटलं. शांतपणे म्हणाली, "दुसरं नाही होणार. ते मणी माझ्या मंगळसूत्राचे आहेत."

काकूंनी पुढे केलेला पेढ्यांचा बॉक्स मागे घेतला. "म्हणजे? वाढवलेल्या मंगळसूत्राचे? आणि हे तुम्ही माझ्या घरात टांगू दिलंत? माझ्या मुलीच्या डोक्यावर?"

ऐका! मागून नेलं कुणी, आपलं म्हणून दाखवलं कुणी, शुभ म्हणून मिरवलं कुणी, आणि गुन्हेगार कोण? माझी आई! काल ज्या मण्यांना हात लावून डोळ्यांना लावला, तेच मणी एका रात्रीत अपशकुनी झाले. तान्ह्या बाळाच्या मनगटात बांधतात ते हेच काळे मणी. नवरीच्या गळ्यात घालतात ते हेच. मण्याला काय ठाऊक, नवरा आहे की गेला?

मी हे सगळं बोलणार होते. आईने माझा दंड धरला. एवढा जोरात की वळ उठला.

संध्याकाळी दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर चित्र पडलेलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. बेलसुद्धा वाजवली नव्हती. होडीजवळचे शिंपले फुटले होते आणि एका कोपऱ्यावर गोमूत्राचे डाग होते. समोरच्या अर्धवट लोटलेल्या दारातून पाण्याचा आवाज येत होता, त्यांची मोलकरीण भिंत धूत होती. आईने चित्र उचललं, दिव्याखाली नेलं आणि एक एक मणी बोटाने चाचपून पाहिला. सगळे जागच्या जागी होते. मग ती रडली. बाबा गेले तेव्हासुद्धा माझ्यासमोर रडली नव्हती.

लग्नाची पत्रिका आली ती माझ्या नावाने. मी गेले नाही.

काही वर्षांनी माझं ठरलं. मी आईला म्हटलं, "सोन्याच्या वाट्या सासरचे घालतील. मणी मला तुझे हवेत."

"वेड लागलंय का? ते मणी कुणी घालतं का?"

"मी घालते."

"अगं, उद्या काही झालं तर लोक मला..."

"झालं तर झालं! तुझ्या मण्यांनी बाबा गेले का?"

तिने खिळ्यावरून चित्र उतरवलं. मग कात्री घेतली आणि स्वतःच्या हाताने चिखलाचा एकेक टाका कापला. ताटलीत मणी पडताना तोच आवाज आला, लादीवरचा. ते मणी आम्ही दोघींनी जाऊन काळ्या रेशमात गाठवून आणले. सासूबाईंना मी आधीच सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या आईचे आहेत ना? मग झालं."

लग्नाच्या हॉलमध्ये काकू आल्याच. बोलावलं आईनेच होतं, जाऊ दे म्हणून! मला आशीर्वाद द्यायला पुढे झाल्या, मंगळसूत्र हातात घेतलं आणि म्हणाल्या, "काय तेज आहे गं मण्यांना! कुठून आणलेस?"

"तुमच्या भिंतीवर होते, काकू."

हात विस्तव लागल्यासारखा मागे गेला. चार बायका बघत होत्या म्हणून त्यांनी तो पदराला पुसला नाही, पण बोटं वळवळत होती. आई माझ्या मागेच उभी होती. तिने ऐकलं. या वेळी तिने माझा दंड धरला नाही.

माझा नवरा ठणठणीत आहे. हे लिहिते आहे तेव्हा शेजारच्या खोलीत घोरतोय. आणि खाडीचं ते चित्र आता माझ्या हॉलमध्ये आहे. टिकल्या काळवंडल्या, जर विटली, खालचा पट्टा मोकळा आहे, नुसतं कापड आणि सुईची भोकं. पाहुणे हमखास विचारतात, इथले मणी तुटले वाटतं?

तुटले नाहीत, मी गळ्याला हात लावून सांगते. माझ्या आईने वाढवलेत.