खर्रा घोटून होईपर्यंतचा आराम

अंदाज बांधणं हा आमच्या घराण्याचा रोग आहे. माझे वडील काटोलकडच्या आमच्या बागेत एखाद्या संत्र्याच्या झाडाखाली उभे राहत, मान वर करून दोन मिनिटं बघत आणि या झाडाची किती फळं निघतील ते सांगून मोकळे होत. बरोबर आलं की आठवडाभर गावाला ऐकवत. चुकलं की झाडाला शिव्या देत. मी शेती सोडून नागपूरला मिहानमधल्या एका कंपनीत संगणकासमोर बसते, पण रोग सोबत आलाच. माझी मुलगी नववीत असताना लांब पल्ल्याचं धावायला लागली आणि त्या रोगाला खाद्य मिळालं.

आम्ही जरीपटक्यात राहतो. घरापासून दहा मिनिटांवर एक मातीचं मैदान आहे. तिथे एक निवृत्त पीटीचे सर सकाळी साडेपाचला पाच-सहा मुलींना पळवतात, फुकट. मूळचे उमरेडचे, हातमागावर विणणाऱ्यांच्या घरातले. लहानपणी त्यांनी सुताच्या कांड्या भरल्या, त्यामुळे हात रिकामे राहिले की त्यांना चैन पडत नाही. माझी कंपनीची बस साडेसहाला, मला मैदानावर जायला जमायचं नाही. मुलगीच पळून झाल्यावर मोबाइलवर आकडे पाठवायची. चारशे मीटरची एक फेरी, अशा आठ फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर थोडा आराम. बस वर्धा रोडला लागायच्या आत माझ्या हातात आठ आकडे असायचे, ते मी वहीत मांडायची.

शर्यत मात्र तीन हजार मीटरची, म्हणजे साडेसात फेऱ्या आणि मध्ये आराम नाही. तुकड्यातुकड्यांनी धावलेल्या फेऱ्यांवरून सलग शर्यतीची वेळ सांगता येईल का? हा प्रश्न डोक्यात शिरला आणि मला त्यापुढे दुसरं काही दिसेना. सप्टेंबरमध्ये तिची आठ फेऱ्यांची सरासरी शहाऐंशी सेकंद होती. त्याच आठवड्यात सरांनी पूर्ण तीन हजार पळवून घेतले, अकरा मिनिटं अडतीस. एका फेरीला जवळपास त्र्याण्णव पडले. म्हणजे सरासरीत सात मिळवायचे आणि साडेसातने गुणायचं. इतकं सोपं! पंधरा दिवसांनी सरासरी पंच्याऐंशीवर आली. मी गणित करून अकरा मिनिटं तीस असं एका चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठी कंपासपेटीत टाकून तिला म्हटलं, पळून आल्याशिवाय उघडायची नाही. दुसऱ्या दिवशी बसमध्ये मेसेज आला: "आई, अकरा एकतीस!!! तू जादूगार आहेस का?"

मी बसमध्ये इतक्या जोरात "येस" म्हणाले की ड्रायव्हरने आरशातून मागे बघितलं. एका सेकंदाचा फरक! वडील असते तर हलगी लावून गावातून मिरवले असते.

त्याच भरात मी एक अट घालून बसले. नववी अर्धी सरली की सगळ्यांच्या घरात दहावी शिरते, तशी ती आमच्याही घरात शिरली होती. सदरला एका नावाजलेल्या बाईंची गणित-विज्ञानाची ट्यूशन होती, बॅच सकाळी सहाची. म्हणजे एक तर मैदान, नाही तर ट्यूशन. मी मुलीला सांगितलं, "डिसेंबरात विभागीय शालेय स्पर्धा आहे. तीन हजार अकरा मिनिटांच्या आत पळलीस तर मैदान चालू. नाही पळलीस तर सोमवारपासून ट्यूशन." तिने लगेच हात पुढे केला आणि आम्ही हात मिळवले. खरं सांगायचं तर मला हे फार सोयीचं वाटलं. आकडा निर्णय देणार, मी वाईट होणार नाही.

आणि मग आकडे बिघडले.

दिवाळी झाली आणि सरासरी सत्त्याऐंशी आली. मग अठ्ठ्याऐंशी. नोव्हेंबरच्या शेवटी एकोणनव्वद. सात मिळवा, साडेसातने गुणा: बारा मिनिटं! पोर सुधारायची सोडून मागे चालली होती. मी काय केलं असेल? वडिलांनी झाडाला दिल्या त्याच शिव्या मी पोरीला दिल्या. मोबाइल बघतेस, उशिरा झोपतेस, चिवडा खाल्लास, मन लागत नाही तुझं. ती आधी चिडली, मग एके दिवशी ताट बाजूला सारून म्हणाली, "मी पूर्ण जीव लावून पळून राहिली ना आई. याच्यापेक्षा जोरात कशी पळू, तूच सांग." तिचे डोळे भरले होते. मला वाईट वाटलं, पण वहीतला आकडा काही बदलला नाही.

शेवटी स्पर्धेच्या दहा दिवस आधी मी रजा टाकली आणि पहाटे तिच्यासोबत मैदानावर गेले. सरांना सांगायचं होतं की हिचं आता पुरे, तुम्हीच समजावून सांगा. थंडी कडाक्याची. सर मफलर गुंडाळून, गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ घेऊन उभे होते. म्हणाले, "आधी पाहून तं घ्या मॅडम, मंग बोलू."

मी पाहत राहिले. पहिली फेरी सत्त्याऐंशी. पोर येऊन गुडघ्यांवर हात टेकून वाकली. सरांनी खिशातून डबी काढली, चिमूटभर सोप, म्हणजे बडीशेप, तोंडात टाकली, डबी खिशात ठेवली आणि शिट्टी वाजवली. पोर पुन्हा सुटली. तिचा श्वाससुद्धा खाली बसला नव्हता. दुसऱ्या फेरीनंतर तेच, तिसरीनंतर तेच. मी माझ्या मोबाइलवर मोजलं. आराम पन्नास सेकंद.

"सर, आराम इतकाच देता?"

"मंग?"

"आधीपासून इतकाच होता?"

सर जरा ओशाळले. म्हणाले, "नाही, पहिले खर्रा होता ना मॅडम. खर्रा घोटून होये तवरी पोरी उभ्या राहेत. तोंडात टाकला का शिट्टी. दिवाळीच्या टायमाले डॉक्टरनं बंद केला. तोंड उघडत नव्हतं पुरतं. आता सोप खातो. सोपेले कायले घोटा लागते?"

नागपुरात पानठेल्यावर प्लास्टिकच्या पन्नीत बांधून मिळणारा तो सुपारी-तंबाखूचा खर्रा! सर तो तळहातावर घेऊन पुन्हा अंगठ्याने निगुतीने घोटत बसायचे, आणि माझं अख्खं गणित त्या अंगठ्यावर उभं होतं. मी प्रत्येक फेरीची वेळ सेकंदात मांडली होती, पण फेऱ्यांच्या मधे पोर किती वेळ उभी राहते हे एकदाही विचारलं नव्हतं. वहीत त्यासाठी रकानाच नव्हता. चौथी फेरी संपवून ती आली तशी मी ओरडले, "काय वं, आराम कमी झाला हे सांगितलं काहून नाही?"

"तू कुठी विचारलं?" ती धापा टाकत म्हणाली. "मले वाटलं असाच असते."

आता खरी मजा सुरू झाली. पन्नास सेकंद आराम घेऊन ती एकोणनव्वदने पळत असेल, तर जुन्या आरामात किती पळेल? पण जुना आराम किती होता हे कोणालाच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "सर, एक विनंती आहे. परवा पोरींना ताज्या दमाने पळवा आणि प्रत्येक फेरीनंतर खर्रा घोटा."

"मॅडम, बायको घराबाहेर काढन मले!"

"खरा नाही हो. रिकामा तळहात घोटा. अगदी तसाच."

दोन दिवसांनी मी ऑफिसला दांडी मारली, आजारी असल्याचं कळवून. पोर पहिली फेरी पळून आली. सरांनी डावा तळहात पुढे केला, त्यावर नसलेली पन्नी उघडली आणि अंगठा फिरवायला सुरुवात केली. आधी ते हसत होते. मग हळूहळू डोळे अर्धे मिटले, अंगठ्याने जुना ठेका धरला, मधेच त्यांनी नसलेला चुरा झटकला, पुन्हा घोटला. बाकीच्या मुली तोंडावर हात धरून हसत होत्या. मी घड्याळ धरून होते. दोन मिनिटं पन्नास सेकंदांनी त्यांनी हात तोंडाशी नेला आणि शिट्टी फुंकली. पुढच्या सहा वेळा पाच सेकंदांचाही फरक पडला नाही.

आठ फेऱ्या झाल्या. मी मैदानातच मातीत मांडी घालून सरासरी काढली. एक्क्याऐंशी. पुन्हा काढली. एक्क्याऐंशीच. सात मिळवले, अठ्ठ्याऐंशी. साडेसातने गुणलं आणि मी उठून उभी राहिले, कारण उत्तर बरोबर सहाशे साठ सेकंद आलं होतं. अकरा मिनिटं. ना एक सेकंद इकडे, ना एक तिकडे.

"म्हणजे पास का नापास?" पोरीने विचारलं.

"काठावर," मी म्हटलं. दोघीही हसत सुटलो. घरी जाताना मी तिची चिवडा, मोबाइल आणि बाकी सगळ्याबद्दल माफी मागितली. तिने ती मोठ्या मनाने स्वीकारली आणि बदल्यात पोहे-तर्री मागितली.

स्पर्धेच्या दिवशी लाल सिंथेटिक ट्रॅक, बाजूला तंबू, लाउडस्पीकरवर कोणाचे तरी नंबर पुकारणं. मी पेनाने तळहातावर लिहायची तयारी करून कठड्याला चिकटले. सर शेजारी, तोंडात सोप. गणित सोपं होतं: पहिली अर्धी फेरी चव्वेचाळीस, मग प्रत्येक फेरी अठ्ठ्याऐंशी.

बंदूक वाजली. अर्धी फेरी बेचाळीस. पहिली पूर्ण फेरी पंच्याऐंशी. "लय जोरात गेली ना वं पोरगी," सर पुटपुटले. दुसरी अठ्ठ्याऐंशी, तिसरीही अठ्ठ्याऐंशी. अजून पाच सेकंद हातात होते. चौथी एक्याण्णव. पाचवी ब्याण्णव. हातातलं सगळं गेलं, उलट दोन वर चढले. सहावी नव्वद. चार वर. शेवटची फेरी चौऱ्याऐंशीने पळाली तरच अकरा. घंटा वाजली आणि मी लिहिणं सोडून कठड्यावर चढले. "पळ वं माय! पळ! सोडू नको!" माझा आवाज फाटला. सर रुमाल हलवत होते. शेवटच्या वळणावर तिने दोघींना मागे टाकलं, मान मागे, हात वेडेवाकडे, आणि मी आनंदाने रडत होते. मला त्या क्षणी अट, ट्यूशन, दहावी, काहीसुद्धा आठवत नव्हतं.

ती पाचवी आली. टेबलावरच्या पंचांनी वेळ सांगितली, अकरा मिनिटं दोन सेकंद. तिच्या आधीच्या वेळेपेक्षा एकोणतीस सेकंद कमी! सरांनी तिला पाठीवर इतक्या थापा मारल्या की ती खाली बसली.

मी जवळ गेले तर ती बुटांच्या लेस सोडत होती. "अकरा झालेच समज," मी म्हटलं.

"नाही झाले. दोन वर गेले. सोमवारपासून ट्यूशन." ती वर न बघता म्हणाली. रडत नव्हती, हे मला जास्त लागलं.

"पहिला राऊंड एवढा जोरात काहून पळलीस? आपलं ठरलं होतं ना, अठ्ठ्याऐंशी."

तिने बूट काढून बाजूला ठेवला. "मले माहीत होतं. पण बंदूक वाजली आणि डोक्यात आलं, आज आपलं शेवटचं पळणं असन. मंग पायच ऐकेनात."

ती शेवटी दमली ती त्या पहिल्या फेरीमुळे, आणि पहिली फेरी बिघडली ती माझ्यामुळे. ते दोन सेकंद माझ्या अटीने खाल्ले होते. मी तिथेच कठड्याशी उभी राहून सदरच्या बाईंना फोन लावला, संध्याकाळची बॅच आहे का विचारलं. त्या म्हणाल्या, भरली आहे. मी म्हटलं, मग राहू द्या, गणित मी घरी घेईन. मोबाइल खिशात टाकून खाली बघितलं तर पोर एका पायात बूट घालून माझ्याकडे टक लावून बघत होती, आणि आता कुठे रडत होती.