मयतीचं खातं

पालघरच्या आमच्या घरात माणसं कमी आणि कार्यक्रम फार. आजोबा सरपंच होते, वडील जिल्हा परिषदेवर निवडून येत राहिले, आणि मतदारसंघ म्हणजे काय, तर आसपासच्या गावांतली सगळी लग्नं, सगळी बारशी आणि सगळ्या मयती. मंत्रिमंडळात असतं तसं आमच्याकडेही खातेवाटप होतं. लग्नं आईकडे, उद्घाटनं काकांकडे, मयती वडिलांकडे. "लग्नाला नाय गेलो तर लोक रुसतात, मयतीला नाय गेलो तर विसरत नाय," असं वडील म्हणायचे. मी धाकटा, जिथे माणूस कमी पडेल तिथे जायचो.

मला पुरुषच आवडतात हे मी घरात सांगितलं तेव्हा आरडाओरडा झाला नाही. राजकारणातली माणसं घाबरली की आवाज खाली आणतात. वडिलांनी दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "मतदान तोंडावर हाय. निवडणुकीनंतर बोलू." त्यानंतर माझं खातं पक्कं झालं. लग्नाला मला नेणं बंद, कारण मांडवात कोणीतरी बाई "धाकट्याचं कधी?" असं विचारणारच. मयतीला तसं कोणी विचारत नाही. म्हणून वडिलांबरोबर मयतींना मी. मला याचं हसूही यायचं आणि संतापही.

ती निवडणूक झाली. मग ग्रामपंचायतींची आली, मग विधानसभेची. आपल्याकडे निवडणुकीनंतर म्हणजे पुढच्या निवडणुकीआधी. ते बोलणं काही झालं नाही.

मी बोईसरला खोली घेतली आणि माझं काम सुरू केलं. काम म्हणजे रविवारी आमच्यासारख्यांनी खोलीत जमायचं. एमआयडीसीतली पोरं हिंदीत बोलायची. वाणगावची एक शिक्षिका ओढणीने अर्धा चेहरा झाकून यायची आणि आत आल्यावर सगळ्यांत मोठ्याने हसायची. कोणाला घरच्यांनी डांबलं, कोणाचं लग्न बळजबरीने ठरवलं, की मी पोलीस ठाण्यात. तिथले साहेब माझ्या आडनावावर अडायचे, "म्हणजे तुम्ही त्यांचे चिरंजीव?" आणि चहा यायचा. ज्या नावाला मी बट्टा लावला असं नातेवाईक म्हणत, त्याच नावावर माझी निम्मी कामं झाली. पुढे मुंबईच्या मोर्चातला माझा फोटो पेपरात आला आणि विरोधकांनी तो गावोगाव मोबाइलवर फिरवला. त्या खेपेला वडील थोडक्यात पडले. कशामुळे पडले देव जाणे. घरात कोणी मला एक शब्द बोललं नाही, आणि ते न बोलणं मला शिवीपेक्षा जास्त लागलं. वडिलांच्या मयती मात्र पद गेलं तरी सुटल्या नाहीत.

तो मला रविवारच्या बैठकीतच भेटला. घिवलीचा, घरची बोट, पण हा तारापूरच्या कारखान्यात फिटर. मासेमारी करणाऱ्याच्या पोराला बोट लागते, हे तो स्वतःच रंगवून रंगवून सांगायचा. पुढे तो माझ्याच खोलीवर राहायला आला. एकदा बोईसरच्या बाजारात वडिलांची गाडी आमच्यापाशी थांबली. काच खाली झाली. "कोण रे हा?" मी म्हटलं, "माझा माणूस." वडिलांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "घिवलीचा ना तू? बापाला ओळखायचो तुझ्या," म्हणाले, आणि काच वर गेली. तो दिवसभर खूश होता. मी नव्हतो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्याला ताप आला. साधा वाटला, साधा नव्हता. दवाखान्यात सहीला नातेवाईक हवा होता, म्हणून मीच त्याच्या भावांना बोलावलं. ते आले आणि मी 'मित्र' झालो. दोन दिवसांनी तो गेला. त्याला ते गावी घेऊन निघाले तेव्हा रुग्णवाहिकेत माझ्यासाठी जागा नव्हती.

मी शेअर रिक्षाने मागोमाग घिवलीला पोहोचलो. इतक्या मयतींना गेलेला माणूस मी, पण त्या अंगणात कुठे उभं राहायचं ते मला कळेना. बायका त्याच्या आईला धरून बसल्या होत्या. मी कारखान्यातल्या लोकांच्यात जाऊन उभा राहिलो. मनात एकच होतं. गाव वडिलांच्या मतदारसंघातलं, म्हणजे वडील येणार. ते माझ्यापाशी येतील का? बोलू नये त्यांनी काही, नुसतं येऊन शेजारी उभं राहावं. गावासमोर.

ते आले. पांढरे कपडे, मागे कार्यकर्ते. त्याच्या आईसमोर हात जोडले, थोरल्या भावाच्या खांद्यावर हात ठेवला, लाकडांची चौकशी केली, कोणाला तरी फोन लावला. मग कारखान्यातल्या बाकीच्यांसमोरून गेले तसेच माझ्याही समोरून गेले. तिरडी उचलली तेव्हा मी पुढे होऊन खांदा दिला. जरासा चाललो असेन, तोच थोरला भाऊ म्हणाला, "भाऊ, आता घरच्यांना येऊ दे." मी बाजूला झालो. वडील तिथेच होते, त्यांनी ऐकलं, आणि ते खाली बघून चालत राहिले.

त्यांचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. परक्याच्या दुःखात धावणारा माणूस, पोटच्या पोराच्या दुःखात मतं मोजतो, असं वाटलं. चिता पेटल्यावर मी कोणाला न सांगता निघालो. यापुढे पालघरच्या घरी पाऊल टाकायचं नाही, हे मी रिक्षातच ठरवून टाकलं.

खोलीवर येऊन आंघोळ केली. दोरीवर त्याचा टॉवेल होता, त्याला हात लावला नाही. चहाचं आधण ठेवलं. चहा नकोच होता, हातांना काहीतरी हवं होतं. दिवेलागणीच्या सुमारास दार वाजलं. दारात वडील, एकटे, हातात आईचा स्टीलचा डबा. त्या खोलीची पायरी ते कधी चढले नव्हते. चपला बाहेर काढून ते आत आले, सरळ गॅसपाशी गेले आणि त्यांनी तो बंद केला.

"हे काय करतो? मयतीच्या घरात आज चूल पेटवत नाय."

"मयत घिवलीला झाली," मी म्हटलं. आवाजात विष होतं आणि ते मला लपवायचंही नव्हतं. "तिथं त्याचे घरचे हायत."

"कामावरनं सुटल्यावर तो जेवायला कुठं यायचा?"

"इथं."

"मग हेच मयतीचं घर."

ते खाली फरशीवर बसले आणि त्यांनी डबा उघडला. पिठलं आणि भात. दुखवट्याच्या घरी बाहेरून येतं ते जेवण.

"आईनं दिलंय. दोन घास खा."

मी पहिला घास तोंडात घेतला आणि दवाखान्यापासून आवरून धरलेलं रडू फुटलं. वडिलांनी माझ्यासमोर हात जोडले, आणि मग तेही रडायला लागले.