जर्मनीला न गेलेली मी

या सदरातले अनुभव मी वाचते ते त्यांतल्या चुका शोधायला. हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला भाबडी समजणार नाही. आमच्या घरात ‘भूत म्हणजे काय’ या विषयावर पक्षाचं काम करणाऱ्या माझ्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, तमिळमध्ये लिहिलेलं चार पानी पत्रक आहे. सात वर्षांची असताना मी त्याच्या घड्या घातल्या आणि बस स्टँडवर उभी राहून ते वाटलंही. भूत, करणी, दृष्ट यांतलं काहीही मी कधी मानलं नाही. आजही मानत नाही. मग हे काय होतं, ते मला सांगता येत नाही – म्हणून लिहितेय.

मी तंजावूरची. आमच्या घरी मराठी बोलतात, पण वाचता कुणालाच येत नाही. देवनागरी मी आठवीत हट्टाने एकटी शिकले. त्यामुळे माझी भाषा पुस्तकी वाटली तर सांभाळून घ्या.

गोष्ट इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची. आमच्या खासगी कॉलेजने जाहीर केलं – बारा दिवसांचा जर्मनीचा ‘एज्युकेशनल प्रोग्राम’. एक विद्यापीठ, दोन कारखाने, शेवटी सर्टिफिकेट. मेकॅनिकलच्या बारा जणांची निवड इंग्रजीतल्या इंटरव्ह्यूवरून होणार होती.

आमच्या वर्गात पहिली येणारी सेल्वी, माझी मैत्रीण. ओरत्तनाडूजवळच्या खेड्यातून रोज दोन बस बदलून यायची. मशीन नुसत्या आवाजावरून ओळखायची ती. पण इंटरव्ह्यूत अडखळली आणि यादीत आली नाही. मी आले, कारण मला घडाघडा बोलता येतं, एवढंच.

मी काय केलं असेल? पत्रक काढलं. ‘बारा दिवसांचं परदेश – कुणासाठी?’ माझी जागा सेल्वीला द्या, नाहीतर मी जात नाही, असं त्यात लिहिलं आणि कँटीनपासून गेटपर्यंत वाटलं. सेल्वी लाजेने अर्धमेली झाली.

“काय गं डी सुगुणा, माझं नाव कशाला छापलंस? आता सगळे माझ्याकडे बघतायत!”

“बघू देत. बघायलाच हवं.”

पण त्या दिवशी तिने माझा हात बस येईपर्यंत सोडला नाही.

कॉलेजने तिला जागा दिली नाही. मी माझं नाव काढून घेतलं, तेही व्हिसाचा अर्ज जायच्या आधी. अकरा जण गेले. ते बारा दिवस मी घरी होते. सुट्टीच होती. सेल्वी तिच्या गावी होती, आमचे फक्त मेसेज चालायचे. अप्पांच्या जुन्या पत्रकांचे गठ्ठे मी वर्षांप्रमाणे लावले. हे मला स्वच्छ आठवतं... निदान आठवतं असं मी म्हणते.

कॉलेज उघडलं त्या दिवशी दिव्या, म्हणजे गेलेल्यांपैकी एक, मला जिन्यात भेटली आणि गळ्यातच पडली.

“सुगुणा, माझी निळी शाल तुझ्याकडे राहिली का गं?”

“कुठली शाल?”

“ट्रेनमध्ये दिली होती ना तुला. कुडकुडत होतीस.”

मला वाटलं, पत्रकाचा सूड घेतायत. सगळ्यांनी मिळून ठरवलेलं नाटक. मी एकेकाला वेगळं गाठलं. वेगवेगळ्या वेळी, आधी न सांगता – उलटतपासणी कशी घ्यायची ते मी अप्पांकडून शिकलेय. अकराच्या अकरा जणांनी सांगितलं की मी होते. “पण अम्माडी, केवढी गप्प होतीस! तुझ्या तोंडून दोन शब्द निघाले तर शपथ! आम्ही म्हटलं, विमानाने हिची बॅटरी उतरवली.” आणि खो खो हसले. एकालाही मी काय विचारतेय ते कळत नव्हतं.

मग मी खरा प्रश्न विचारला. मी झोपायचे कुठे?

दिव्या म्हणाली, “मागच्या खोलीत.” मागच्या खोलीतल्या मुली म्हणाल्या, “दिव्याच्या खोलीत.” सगळ्यांना समोरासमोर बसवलं. प्रत्येकीने दुसरीकडे बोट दाखवलं. मग दिव्या चिडली. “हे काय कोर्ट आहे का? जा ना तू!”

मी तिकिटं काढणाऱ्या ट्रॅव्हल एजन्सीत गेले. तिकिटं अकरा. हॉस्टेलचे बेड अकरा. माझा पासपोर्ट घरच्या कपाटात, कोरा. मला हायसं वाटलं – चला, कागद माझ्या बाजूने आहेत. तेवढ्यात कॉलेजमध्ये सर्टिफिकेटं आली. बारा.

एचओडी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर तिथल्या विद्यापीठाने पाठवलेली हजेरीची पानं होती. रोज बारा सह्या. बारावी सही देवनागरीत. अख्ख्या कॉलेजात देवनागरीत सही करणारी मी एकटी आहे आणि ती सही माझीच होती. ‘ण’चा पाय मी जसा लांब ओढते, तसाच.

“एन्न मा, काय गं सुगुणा,” सर मऊ आवाजात म्हणाले, “गेलीस, चांगलं झालं. मग ते पत्रक कशाला? एक ओळ लिहून दे, गैरसमज होता म्हणून. प्लेसमेंटला हे सर्टिफिकेट किती उपयोगी पडतं, माहितेय ना?”

इथे माझा संशय पक्का झाला. कॉलेजवाले कुठेतरी ‘बारा विद्यार्थी’ असं छापून बसले असतील आणि आता आकडा जुळवतायत. सही कॉपी करता येते. अकरा जणांना पढवताही येतं. मी म्हटलं, “सर, मी गेले नव्हते. एक ओळसुद्धा लिहून देणार नाही.”

“मग हे काय आहे?” त्यांनी दिव्याने ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ लावला.

जर्मनीतल्या हॉस्टेलचं स्वयंपाकघर. मुलं गोंधळ घालतायत. मागे ओट्याशी मी उभी आहे. निळी शाल. डांगर पच्चडी करतेय – भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवून करतात ती. आमच्या मराठी घरांत ही नेहमीची.

आजकाल कुणाचाही चेहरा कुठेही चिकटवता येतो, हे मला माहीत आहे. मी तो व्हिडिओ घरी आणून तुकड्यातुकड्याने पाहिला. चेहरा ठीक, शाल ठीक. पण पिठात दही घालण्याआधी त्या मुलीने चिमूटभर पीठ काढलं आणि शेगडीच्या कडेला ठेवलं.

ही आमच्या घरची रीत. अम्मा करते, तिची सासू करायची. कुणासाठी ठेवायचं ते कुणी सांगत नाही. कॉलेजात हे कुणालाही ठाऊक असण्याचं कारण नाही. आणि मी ते कधीच करत नाही. यावरून मी अम्माशी शेकडो वेळा भांडलेय. चेहरा बनवणाऱ्याने माझी नक्कल केली असती तर चिमूट ठेवली नसती. ती ठेवणारी मी नव्हे. पण ती आमच्या घरची होती.

मी व्हिडिओ अम्माला दाखवला. ती घाबरेल असं वाटलं होतं. ती चष्मा पुसून पुन्हा बघायला लागली आणि हसली.

“ठिवली बघ. घरी सांगून सांगून माझी जीभ झिजली. कोठं जाऊन ठिवली, तर तिकडं!”

“अम्मा, मी इथे होते! तुझ्यासमोर!”

“होतीस की,” अम्मा म्हणाली, आणि तिचं हसू हळूहळू उतरलं.

तोवर सेल्वीपर्यंत सगळं पोचलं होतं. ती माझ्या शेजारी बसेनाशी झाली. मी मेसेज दाखवले – बघ, त्या दिवसांत मी तुला रोज लिहीत होते. ती शांतपणे म्हणाली, “मेसेज जर्मनीहूनही येतात, सुगु.” तिला वाटत होतं, तिच्या नावावर मी मोठी झाले आणि मागच्या दाराने विमानात बसले. कॉलेज मला काय समजतं याची मला पर्वा नव्हती. सेल्वीने असं समजणं मला सहन होईना. मी म्हटलं, “माझ्यावर नको ठेवूस विश्वास. अप्पांना विचार.”

अप्पांना आमच्या भागात सगळे ओळखतात. स्वतःच्या पक्षाची चूकसुद्धा पत्रकात छापणारा माणूस. सेल्वी शनिवारी दुपारी घरी आली. अम्माने दिलेली कॉफी तिने हातात धरली, प्यायली नाही.

“अप्पा, खरं सांगा. ते बारा दिवस ही घरी होती?”

अप्पांनी उत्तर द्यायला वेळ लावला. मोजला नाही मी, पण रस्त्यावरून एक मोपेड आली, कोपऱ्यावर वळली, तिचा आवाज विरला, तोवर ते गप्पच होते.

“होती,” ते म्हणाले.

“मग एवढा वेळ का लावलात?” हे सेल्वीने नाही, मी विचारलं.

“तू विचारतेस म्हणून सांगतो. घरी होतीस. जेवत होतीस, गठ्ठे लावत होतीस. पण त्या बारा दिवसांत तू माझ्याशी एकदाही वाद घातला नाहीस. मी मुद्दाम चुकीचं काहीतरी बोलून पाहिलं. तू म्हणालीस, ‘बरं.’ मला वाटलं, मोठी झाली पोरगी. मला ते आवडलं नव्हतं.”

सेल्वीने कॉफी खाली ठेवली. बसची वेळ झाली म्हणाली आणि गेली. संध्याकाळी तिचा मेसेज आला – ‘अप्पांवर माझा विश्वास आहे.’ माझ्याबद्दल त्यात काही नव्हतं. ती आता बोलते माझ्याशी. शेजारीही बसते. पण बस स्टॉपवर हात धरत नाही.

सर्टिफिकेट मी परत केलं. सरांना हवी असलेली ओळ लिहून दिली नाही. दिव्याची निळी शाल घरात कुठेच नाही – मी सगळी कपाटं उपसली. हजेरीवरच्या सह्या कुणी केल्या, मला माहीत नाही. कॉलेजवरचा माझा संशय अजून गेलेला नाही, पण कॉलेजला अम्माची चिमूट कशी ठाऊक असणार, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर कळवा. फक्त ‘अतृप्त आत्मा’ वगैरे लिहू नका, मी वाचणार नाही.

एक मात्र झालंय. आता मी अप्पांशी रोज भांडते. पेपरातल्या बातमीवरून, रसमच्या मिठावरून, कशावरूनही. तेही जोरात भांडतात, टेबलावर हात आपटतात. आणि ऐन रंगात मध्येच गप्प होऊन माझ्या तोंडाकडे बघत राहतात.