दादाच्या रुमालातला गूळ

दादाला जाऊन सव्वा महिना झाला. शेवटची भेटले तेव्हा तो रोडपालीच्या घरात भिंतीला पाठ टेकून बसला होता. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून झोपसुद्धा बसूनच... पनवेलची शाळा सुटल्यावर मी त्याच्यासाठी केळी घेऊन गेले होते. केळ्यांकडे त्याने पाहिलंही नाही, माझ्याकडेच बघत राहिला.

आमचं घर मिठागरावरचं. दादाही आधी मीठच ओढायचा. स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली असतील, तेव्हा तो पनवेलजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात लागला. मी तेव्हा चौथीत. त्याचं काम रिकामी पिंपं थिनरने धुण्याचं. कमरेपर्यंत पिंपात वाकायचं आणि तळाचा रंग घासून काढायचा. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून खिडक्या कायम बंद. दुपारी मुकादम प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. "खा रे, छातीतला वास उतरतो." औषध म्हणाल तर तेवढंच, आणि त्यावर सगळ्यांचा भरवसा.

दादा तो खडा तोंडात टाकायचा नाही. रुमालात बांधून माझ्यासाठी आणायचा. त्या गुळाला थिनरचा वास असायचा, आणि मला मेलीला तो इतका आवडायचा की वाण्याकडचा गूळ मिळमिळीत वाटायचा.

संध्याकाळी घरी येताना दादाची पावलं वाकडी पडायची. गाव हसायचं. आईने एकदा त्याला देवापुढे उभं करून विचारलं, "खरा सांग, पिऊन आलास?"

"आये, थेंब नाय घेतला. डोकाच गरगरतंय."

आईने शपथ घ्यायला लावली. त्याने घेतली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच डुलत आला. चार दिवस आई त्याच्याशी बोलली नाही. तो मात्र रुमालाची गाठ सोडून खडा माझ्या हातावर ठेवत राहिला.

मग खोकला सुरू झाला... मी शिकून मास्तरीण झाले, तोवर खाडीचा बांध चढताना त्याला दोनदा थांबावं लागायचं. आई आणि मी त्याला पनवेलच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, कामाचं विचारलं आणि म्हणाले, "वर्षानुवर्षं थिनरच्या वाफा ओढल्यात यांनी. डोकं गरगरतं, तोल जातो, तोही त्यानेच." मी चाचरत गुळाचं सांगितलं, त्याच्या वाट्याचं औषध मी खाल्लं म्हटलं. "अहो बाई, गूळ जातो पोटात, वाफ छातीत. खिडक्या उघड्या हव्या होत्या." हे ऐकून आई बाकावर बसली आणि दादाचा हात धरून रडली. त्या शपथेबद्दल ती पुढे कधीच बोलली नाही.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. त्या शेवटच्या भेटीत विचारलंच, "दादा, तू तर ते औषधच समजत होतास ना? मग मला का दिलंस?"

त्याला हसू आलं, हसण्याने खोकला आला. दम सापडल्यावर म्हणाला, "बाय, तू दारात हुबी ऱ्हायचीस... म्हनून तर येवढा चालत यायचो."

दिवसकार्य झाल्यावर आईने त्याचे कपडे धुवायला काढले. रुमाल मी मागून घेतला, डब्यात झाकून ठेवलाय. त्याला अजून वास येतो, थोडासा. माझा दादा नेला तो याच वासाने, आणि दादाचा म्हणून मला ओळखता येतो तोही हाच. आई म्हणते, "धुऊन टाक गो." मी साबण घेऊन विहिरीवर जाते, आणि रुमाल कोरडाच परत आणते.