राखेच्या रेघा

मंगलकाकू मैदानावर यायच्या त्या राखेची बादली घेऊनच. आमच्या शाळेचं खो-खोचं मैदान त्या राखेनं आखायच्या. खेळणाऱ्या प्रत्येक मुलीनं आपल्या घरच्या चुलीतली राख आणायची, असा त्यांचा नियम होता. ती चाळून, कोळसे वेचून, कमरेत वाकून त्या मुठीनं रेघ सोडत मागं मागं सरकायच्या. "राख दिली म्हंजी तुज्या आईनं खेळायला व्हय म्हटलं," असं त्या म्हणायच्या. एखादी मुलगी रिकाम्या हातानं आली की तिच्या घरी जाऊन आईशी बोलून यायच्या. माझ्या आईशीही त्या अशाच बोलल्या होत्या.

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीपासून थोडं आत आमचं गाव आहे. काकू तिथल्या शाळेत खिचडी शिजवायच्या. मी सातवीत असताना एका दुपारी आम्ही मुली आमच्या परीनं खो-खो खेळत होतो. खो मिळेपर्यंत बसायच्या चौकात मी निवांत बसले होते. एवढ्यात मागून आवाज आला, "अगं ए, टाच उचल की! पंगतीला बसलीयास व्हय?" वळून पाहिलं तर स्वयंपाकाच्या खोलीतून काकू धावत येत होत्या. हातातली पळी वाटेतच पडली होती. त्यांनी पदर खोचला, मला उठवलं आणि माझ्या जागी बसल्या. खो मिळताच त्या अशा उठल्या की आम्ही सगळ्या बघतच राहिलो. खांबापर्यंत पोचेपर्यंत त्यांनी दोघींना बाद केलं होतं.

त्या दिवशी खिचडी खाली लागली. मुख्याध्यापकांनी करपलेला घास खाल्ला आणि म्हणाले, "मंगलबाई, उद्यापासून खेळवा पोरींना. पण आधी पातेलं उतरवून."

माहेरी असताना काकू नववीपर्यंत खेळल्या होत्या. मग लग्न झालं. खेळाचं सासरी कुणाला सांगितलंही नव्हतं. आता मात्र रोज भांडी घासून झाली की त्या मैदानावर यायच्या आणि धारा काढायच्या वेळेला घरी पळायच्या. त्यांचं शिकवणं एका वाक्यात मावायचं. "चौकात बसणं म्हंजी आराम न्हाय. टाच टेकली की संपलं." हे त्या इतक्यांदा म्हणायच्या की आम्ही घरी भाकरी खायला बसलो तरी टाचा उचललेल्या असायच्या.

त्यांच्या सासूबाई शेवंताआजींना हे अजिबात पटत नव्हतं. मैदानाला लागूनच त्यांचं घर. ओट्यावरून त्यांचं चालूच असायचं, "सून उड्या मारती अन् सासू भाकऱ्या थापती. लई ग्वाड चाललंय!"

काकू हसून हाक मारायच्या, "आत्याबाई, तुमी बी या. कडंला बसून बघा तरी."

"बघंन की! माज्या चुलीची राख तेवढी मागू नगंस."

काकूंनी ती कधी चोरून आणली नाही. एकदा रेघ ओढता ओढता मला म्हणाल्या, "समद्या गावची राख पडली हितं. माज्या घरची तेवढी न्हाय पडली." त्या वेळी त्या हसत नव्हत्या.

बारावीनंतर मी धाराशिवला कॉलेजात आले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तिथं सगळे विचारायचे, तुला कशात आवड आहे? मला काही सांगता यायचं नाही. सुट्टीत मी काकूंना विचारलं, "आपल्याला काय आवडतं, हे कसं कळतं हो?"

"मला तरी कुठं ठावं व्हतं? हातातली पळी पडली तवा कळलं." मग म्हणाल्या, "पर एक दिस पळी पडून भागत न्हाय बाई. दुसऱ्या दिशी बी यावं लागतंय. कुणी न्हाय आलं तरी."

गेल्या वर्षी काकूंचं पोट दुखायला लागलं. त्यांनी ते अंगावर काढलं. बार्शीला दाखवलं तेव्हा उशीर झाला होता. दिवाळीत मी भेटायला गेले, तर बाजेवर काकू कुठं आहेत हे शोधावं लागावं, एवढ्याशा झाल्या होत्या. मी पाय दाबत बसले.

"मैदान कोन आखतंय?" त्यांनी विचारलं.

मी त्यांचा दुसरा पाय मांडीवर घेतला.

"गवात आलं आसंल," त्या म्हणाल्या. जरा वेळानं अगदी हळू म्हणाल्या, "आता टाच टेकली गं."

मी त्यांची टाच तळहातावर उचलून धरली आणि तशीच बसून राहिले.

पुढच्या महिन्यात काकू गेल्या. दहावा झाल्यावर मी खुरपं घेऊन मैदानावर गेले. लहान मुली एकेक करून आल्या. आम्ही गवत काढलं. राख मात्र थोडीच जमली, कारण आता घरोघरी गॅस आहे, चूल पेटते ती अंघोळीच्या पाण्यापुरती. अर्धं मैदान आखून होताच बादली रिकामी झाली.

तेवढ्यात शेवंताआजी डोक्यावर घमेलं घेऊन येताना दिसल्या. माझ्यासमोर त्यांनी ते उतरवलं. आत राख होती.

"चाळून आणलीया," त्या म्हणाल्या. "ती चाळूनच घ्यायची न्हवं?"

मी मान हलवली. आजी कडेला जाऊन बसल्या. मी मूठ भरून वाकले आणि मागं मागं सरकू लागले.

हे माझं काम आहे का, हे मला अजूनही ठामपणे सांगता येत नाही. पण दर शनिवारी मी एसटीनं गावी जाते.

त्या दिवशी रेघ संपवून मी वर पाहिलं. आजी रेघेकडं बघत होत्या.

"तिची सरळ यायची," त्या म्हणाल्या.

"व्हय आजी," मी म्हणाले. पायानं रेघ पुसली आणि पुन्हा वाकले.