पुढच्या पानाचं बटण

मराठी पुस्तकं वाचायचं एक मोफत ॲप आम्ही काही जण हौसेने, बिनपगारी बनवतो. ओळखी सगळ्या ऑनलाइन, त्याही टोपणनावांच्या. गेल्या वर्षी गटात ठरलं, की प्रत्येकाने आपापल्या गावी एकदा तरी आसपासच्या सहकाऱ्यांना आणि वाचकांना प्रत्यक्ष भेटायला बोलवायचं. रत्नागिरीची भेट मी मोठ्या तोऱ्यात अंगावर घेतली आणि वाचनालयातली एक खोली रविवारी सकाळपुरती मागून घेतली.

पाच जण आले. शेवटी आले ते चिपळूणचे एक गृहस्थ. बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते, नुकतेच निवृत्त झालेले. पत्नीच्या खांद्यावर हात ठेवून ते आत आले, तेव्हा कळलं की त्यांना दिसत नाही.

"एसटी हातखंब्याला रखडली हो," म्हणत त्यांनी लॅपटॉप उघडला. पडद्यावरचं सगळं तो त्यांना वाचून दाखवत होता. आमचं ॲप उघडलं आणि तो एकच शब्द बोलत राहिला. "बटण. बटण. बटण."

"यातलं पुढच्या पानाचं कुठलं, काही कळत नाही," ते म्हणाले. "दोनदा तक्रार टाकली मी. कुणीतरी उत्तर दिलं, बटण समोरच आहे, नीट बघा."

सगळे हसले. तेही हसले. त्यांच्या पत्नी मात्र हसल्या नाहीत.

ते उत्तर माझं होतं. तक्रार धड न वाचताच मी ती दोन्ही वेळा बंद केली होती. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी म्हणालो, "असतात असे लोक. मी बघतो." त्यावर त्यांनी माझे आभार मानले.

तीन दिवसांत प्रत्येक बटणाला लॅपटॉप वाचून दाखवेल असं नाव दिलं. त्यांचा फोन आला. पहिल्यांदाच एक अख्खी कादंबरी कुणाला वाचायला न सांगता संपवली म्हणाले. मला राहवलं नाही.

"काका, ते 'नीट बघा' मीच लिहिलं होतं."

ते म्हणाले, "असू दे. हिला मात्र सांगू नका. अजून रागावलेली आहे ती."

पुढची भेट त्यांनी चिपळूणला, स्वतःच्या घरी ठेवली. जरूर जा, भेटल्याशिवाय माणूस कळत नाही, असं मी गटात सगळ्यांना लिहिलं. स्वतः मात्र ताप आल्याचं कळवून घरी बसलो. त्या बाईंच्या हातचा चहा घ्यायचं धाडस झालं नाही.